वेगळे विमान येणार असेल तर आधी सांगा: विमानतळ प्रशासनास खुले पत्र

मा. संचालक आणि विमानतळ प्रशासनातील सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

विमानतळाच्या कुंपणाबाहेर दुर्बीण, कॅमेरा आणि वही घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांपैकी मी एक. तुमचे सुरक्षारक्षक आम्हाला चेहऱ्याने ओळखतात. कधी हटकतात, कधी हात हलवून पुढे जातात. रोजच्या वेळापत्रकातली विमाने आम्ही पाहतोच, पण कान टवकारतात ते वेळापत्रकात नसलेल्या विमानांसाठी. एखादे अवजड यंत्र घेऊन आलेले मालवाहू, इंधन भरायला उतरलेले जुने जेट, सर्वेक्षणाच्या कामावर आलेले टर्बोप्रॉप, म्हणजे पात्यांच्या पंख्यावर उडणारे विमान, दोन रोटरचे लष्करी हेलिकॉप्टर. अशी विमाने क्वचित येतात आणि आली की बहुतेकदा मोठा आवाज करतात. त्यांच्याविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. नेहमीपेक्षा वेगळे आणि जास्त आवाज करणारे नागरी विमान येणार असेल, तर भोवतालच्या वस्त्यांना ते आधी कळवा. कोणते विमान, कशासाठी, साधारण किती वाजता आणि त्याच वेळी का, एवढे पुरे. आधी कळवणे शक्य नसेल तर नंतर कळवा, पण कळवा.

हे मी मागतो आहे याला एक कारण आहे. मला तो आवाज आवडतो. चार इंजिनांचा अँतोनॉव्ह-१२४ हा अवजड मालवाहू उतरायला लागला की त्याच्या पंख्यांचा लांबलचक, चढत-उतरत जाणारा आक्रोश विमान दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि तो ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या शेजारच्या घरात तान्हे बाळ आहे. त्या घरातही त्या आवाजाने काटा येतो, पण भीतीने आणि संतापाने. आम्हा दोघांमध्ये आवाजाचा फरक नाही, आवाज एकच आहे. मला ठाऊक असते की ते काय आहे आणि किती वेळात निघून जाईल. त्यांना ठाऊक नसते. ही माहिती तुमच्याकडे कित्येक दिवस आधीपासून असते.

मध्यंतरी रात्री दोनच्या सुमारास एक इल्युशिन-७६ मालवाहू उडाले. जुन्या इंजिनांचे, पूर्ण भरलेले. धावपट्टीच्या टोकापासून ते हळूहळू, जड अंगाने वर चढत गेले आणि घरांची तावदाने थरथरली. पाचच मिनिटांत वस्तीच्या व्हॉट्सॲप समूहावर संदेश सुरू झाले. कुणी लिहिले विमान पडले, कुणी लिहिले स्फोट झाला, कुणी युद्धाची शंका काढली. एका आजींना घाबरून दम लागला आणि त्यांच्या मुलाने त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेले. मी समूहावर लिहिले की हे अमुक विमान आहे, माल घेऊन आले होते, आता गेले. त्यावर पहिली प्रतिक्रिया होती: ‘तुम्हाला कसे माहीत?’ दुसरी: ‘मग आम्हाला कुणी सांगितले का नाही?’ पहिल्याचे उत्तर माझ्याकडे होते. दुसऱ्याचे तुमच्याकडे आहे. सकाळी ज्यांनी तक्रार नोंदवली त्यांना उत्तर आले की आवाजाची पातळी विहित मर्यादेत आहे.

ते उत्तर खोटे नसेल. पण ते कसे खरे ठरते, हे समजून घ्यायला हवे.

विमानतळाचा आवाज बहुतेक ठिकाणी सरासरीत मोजला जातो. दिवसाची सरासरी, रात्रीची सरासरी, मग वर्षाची. रोज शेकडो विमाने येतात-जातात तिथे ही पद्धत उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही विमानांच्या रात्रीच्या आवाजाची पातळी ४० डेसिबलखाली ठेवण्याची शिफारस आहे आणि तीही वार्षिक सरासरीच आहे. पण एकट्यादुकट्या विमानाचे या सरासरीत काय होते ते बघा. समजा, एका उड्डाणाच्या आवाजाची सगळी ऊर्जा एका सेकंदात कोंबली तर ती ९५ डेसिबल भरते. ध्वनिमापनात याला एसईएल म्हणतात. हीच ऊर्जा रात्रीच्या आठ तासांवर पसरली की सुमारे ५० डेसिबल उरतात. मग ती वर्षभराच्या सगळ्या रात्रींवर पसरली की उरतात जेमतेम २५. पंचवीस डेसिबल म्हणजे निवांत खोलीतली शांतता. अख्खी वस्ती ज्याने जागी केली त्या विमानाचा वर्षाच्या अहवालात मागमूसही राहत नाही. जो माणूस दचकून उठला तो काही वर्षभराच्या सरासरीने उठला नव्हता, त्या एका मिनिटाने उठला होता.

दुसरी अडचण मापकाच्या कानाची. विमानतळाभोवतीच्या ध्वनिमापन यंत्रांत साधारणपणे ए-भारित डेसिबल वापरतात. त्यात खर्जातला आवाज मुद्दाम कमी धरला जातो: ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. माणसाच्या कानाला मंद आवाजातला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ही सोय. पण तावदाने, दारे आणि कपाटातली भांडी थरथरतात ती याच खर्जाने. चिनूक हेलिकॉप्टरचेच घ्या. त्याचे तीन पात्यांचे रोटर मिनिटाला २२५ फेरे मारतात, म्हणजे सेकंदाला अकराच्या वर ठोके. हे ठोके छातीत जाणवतात, भिंतीत जाणवतात, आणि यंत्राच्या आकड्यात जवळपास दिसतच नाहीत.

तिसरी गोष्ट सुराची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, परिशिष्ट १६ नुसार जेट विमानाला आवाजाचे प्रमाणपत्र मिळते तेव्हा मोजमाप ईपीएनडीबी या एककात होते. उड्डाणाच्या वेळी ब्रेक सोडल्यापासून साडेसहा किलोमीटरवर, धावपट्टीच्या बाजूला ४५० मीटरवर आणि उतरताना धावपट्टीच्या तोंडाच्या दोन किलोमीटर अलीकडे, अशा तीन ठिकाणी. त्या एककात टोचणाऱ्या, एकसुरी आवाजाला जादा भार धरलेला असतो, कारण शिट्टीसारखा सूर तेवढ्याच डेसिबलच्या गडगडाटापेक्षा माणसाला जास्त छळतो. प्रमाणपत्र देताना जी गोष्ट जगाने मान्य केली आहे, तिला वस्तीतल्या साध्या मापकात जागा नाही. अँतोनॉव्हचा आक्रोश किंवा पियाज्जो अवांती या छोट्या विमानाची किंकाळी आकड्यात नेहमीच्या विमानाएवढीच भरू शकते. पियाज्जोचे पंखे मागे बसवलेले असतात आणि इंजिनाचा धूर थेट त्यांच्या पात्यांतून बाहेर पडतो, त्यामुळे त्या छोट्याशा विमानाचा आवाज त्याच्या आकाराला न शोभणारा असतो. एकदा ऐकला की पुन्हा ओळखायला डोळे लागत नाहीत.

काही विमाने इतका आवाज का करतात, हेही वस्तीला सांगण्यासारखे आहे. लोकांना ते समजत नाही अशी समजूत करून घेऊ नका. सर जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की जेटच्या झोताचा आवाज त्या झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती २५६ पटींनी घटते. गेल्या अर्धशतकातली विमाने शांत होत गेली ती मुख्यतः याच सूत्राच्या जोरावर. मोठा पंखा पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलतो, आणि आतला तप्त, वेगवान झोत त्या हवेच्या वेष्टनात गुंडाळला जातो. आजच्या प्रवासी विमानांवरच्या लीप या इंजिनात गाभ्याबाहेरून जाणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या सुमारे ११ पट असते. १९७१ साली पहिल्यांदा उडालेल्या इल्युशिन-७६ च्या जुन्या डी-३०केपी इंजिनांत ती अडीचपटीच्या आसपास आहे. त्या रात्री तावदाने का थरथरली याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. हे उत्तर कुणी दिले असते तर राग पूर्ण गेला नसता, पण घबराट झाली नसती.

मग अशी विमाने बंदच का करत नाही, असे शेजारी विचारतात. त्यावर माझे मत स्पष्ट आहे: बंद करू नयेत. पूर आला, भूकंप झाला, वीजनिर्मिती केंद्राचा अवजड भाग तातडीने हवा असला, तर हीच विमाने लागतात. अँतोनॉव्ह-१२४ चे नाक वर उघडते आणि पुढची चाके दुमडून ते अक्षरशः गुडघे टेकते, म्हणजे यंत्र थेट उतारावरून आत ढकलता येते. चोवीस चाकांवर उभे असलेले ते धूड मालासाठी वाकताना मी कुंपणातून पाहिले आहे. आतून माणसे साखळ्या ओढत होती, एक जण शिट्टी वाजवून हात दाखवत होता, आणि हळूहळू एक भला मोठा दंडगोल बाहेर सरकत होता. इतका माल दुसऱ्या कुठल्याही मार्गाने तितक्या लवकर येत नाही. हे दृश्य वस्तीतल्या मुलांना दाखवण्यासारखे आहे, आणि त्यांच्या आईवडिलांनाही.

मे २०१६ मध्ये अँतोनॉव्ह-२२५, म्हणजे मृया, एक अवजड जनित्र घेऊन प्रागहून पर्थला गेले. सहा इंजिने, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८८ मीटरहून जास्त, तेव्हाचे जगातले सर्वांत मोठे मालवाहू. ते येणार हे आधी जाहीर झाले होते. हजारो माणसे मुलाबाळांसह ते उतरताना बघायला गेली, रस्ते गाड्यांनी भरून गेले. हेच विमान कुणालाही न सांगता मध्यरात्री उतरले असते तर दुसऱ्या दिवशी तक्रारींचा ढीग पडला असता. फेब्रुवारी २०२२ मध्ये होस्तोमेलच्या विमानतळावर ते युद्धात नष्ट झाले. ज्यांनी त्याला आपल्या गावात उतरताना पाहिले, ते लोक आजही त्या दिवसाबद्दल बोलतात. आवाजाविषयी कुणी बोलत असेल तर तेही कौतुकाने.

आता आमच्याविषयी. कुंपणाजवळ उभा राहणारा माणूस म्हणजे धोका, ही समजूत मला मान्य नाही, पण तिचे मूळ मला कळते. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे ब्रिटिश आणि डच विमाननिरीक्षकांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले. २००२ च्या एप्रिलमध्ये त्यांना दोषी ठरवले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली. विमानांचे क्रमांक वहीत लिहिणे हा छंद आहे हे न्यायालयाला पटायला एक वर्ष लागले. याच्या उलट उदाहरणही आहे. ब्रिटनमधल्या ऑब्झर्व्हर कोअर या विमान-टेहळणी दलाचे स्वयंसेवक दुसऱ्या महायुद्धात डोळे आणि कान यांच्या भरवशावर विमाने ओळखून कळवत असत. त्या कामासाठी १९४१ मध्ये त्यांच्या नावाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. रडारला समुद्रावरचे दिसे, जमिनीवर आलेल्या विमानाचा माग ही माणसे ठेवत.

आजही कान आणि डोळे निरुपयोगी झालेले नाहीत. मोबाइलवरच्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे विमाने नकाशावर दाखवणाऱ्या ॲपमध्ये, विमान दिसते ते त्याच्या ट्रान्सपाँडरने, म्हणजे विमानातल्या संदेश-यंत्राने, १०९० मेगाहर्ट्झवर पाठवलेल्या संदेशामुळे. जे विमान आपली जागा त्यात सांगत नाही, ते नकाशावर नीट दिसत नाही किंवा दिसतच नाही. लष्करी आणि काही जुनी विमाने यात येतात. नेमकी हीच विमाने जास्त आवाज करतात, आणि ट्रॅकर उघडून बसलेल्या रहिवाशाला रिकामे आकाश दिसते. अशा वेळी आवाजाला विमानाचे नाव देणारा माणूस कुंपणापाशीच सापडतो.

आवाज नीट ऐकण्याचा उपयोग काय, तर एअरबस ए-३२० बघा. हे विमान उतरायला येताना एक विचित्र, उंच शिट्टी ऐकू येई. ती इंजिनाची नव्हती. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश-विमान संशोधन संस्थेने लुफ्तान्सासोबत डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची मोजमापे केली, तेव्हा उगम सापडला: पंखाखाली इंधनटाकीचा दाब मोकळा करणारी गोल छिद्रे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा सूर निघतो, तसाच तिथून वारा जाताना निघत होता. छिद्रांच्या पुढे हवेची भोवरी तयार करणारा छोटा धातूचा तुकडा बसवला आणि शिट्टी थांबली. २०१४ पासून लुफ्तान्साने आपल्या विमानांत तो बसवायला सुरुवात केली. उतरतानाचा आवाज चार डेसिबलपर्यंत उतरला. इतक्या साध्या दुरुस्तीसाठी आधी कुणीतरी ‘हा कसला सूर आहे’ असे विचारावे लागले. वार्षिक सरासरीच्या तक्त्यातून तो सूर कधीच ऐकू आला नसता.

म्हणून विनंती आहे की तक्रारीच्या अर्जात ‘आवाज कसा होता’ हा रकाना घाला. शिट्टी, घरघर, ठोके, गडगडाट, किंचाळी, तावदाने वाजणे. लोक भरतील, आणि नीट भरतील. वेगळ्या विमानाची नोंद सरासरीत मिसळण्याआधी स्वतंत्र प्रसिद्ध करा: प्रकार, वेळ, सर्वोच्च पातळी. आम्ही वर्षानुवर्षे ठेवलेल्या वह्यांत विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, धावपट्टीची दिशा, वारा आणि आवाजाचे वर्णन आहे. तुमच्या मापकाच्या आकड्यांशेजारी त्या नोंदी ठेवल्या तर कोणत्या प्रकारचे विमान कुठल्या वस्तीला कसे त्रास देते हे कळेल. त्यावरून काही गोष्टी ठरवताही येतील, जसे की जड मालवाहूला रात्रीऐवजी सकाळची वेळ देणे, वाऱ्याने मुभा दिली तर कमी वस्तीच्या बाजूने उडवणे, किंवा रात्री उतरल्यावर रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे वेग कमी करायला इंजिनाचा झोत उलटा फिरवणे, गरजेपुरताच वापरायला सांगणे.

एक मर्यादा मी स्वतःहून मान्य करतो. लष्करी हालचाली आणि महत्त्वाच्या व्यक्तींची विमाने आधी जाहीर करता येणार नाहीत, करूही नयेत. शिकागो कराराचे तिसरे कलमही सरकारी विमानांना नागरी विमानांच्या नियमांतून वगळते. अशा विमानांबाबत दुसऱ्या दिवशी ‘काल रात्री मोठा आवाज झाला तो नियोजित उड्डाणाचा होता, कोणताही अपघात झालेला नाही’ एवढी एक ओळ आली तरी घाबरलेल्या माणसाला पुरते. आमच्याकडूनही शब्द आहे: कुंपणावर चढणार नाही, ड्रोन उडवणार नाही, लेझर किंवा झगझगीत दिवा विमानाकडे रोखणार नाही, आणि जी माहिती प्रसिद्ध करू नका असे तुम्ही सांगाल, ती प्रसिद्ध करणार नाही. त्या बदल्यात कुंपणालगत उभे राहायला एक ठरलेली जागा द्या. मँचेस्टरला धावपट्टीशेजारी त्यासाठी उद्यानच आहे, झुरिच आणि हानेडाला गच्ची आहे. आम्हाला एक उंचवटा आणि एक फलक चालेल.

व्यावसायिक मालवाहू विमानाच्या बाबतीत अडचण कसली आहे हे मला खरोखर कळत नाही. उतरण्याची परवानगी, ठरवून दिलेली वेळ (स्लॉट), क्रेन, जमिनीवरचे मनुष्यबळ, सगळे आधी ठरलेले असते. सूचना लिहायला पाच मिनिटे लागतील. नमुना म्हणून ही घ्या:

‘गुरुवारी रात्री ११ ते १ या वेळेत अँतोनॉव्ह-१२४ हे मोठे मालवाहू विमान उतरेल. ते वीज केंद्रासाठीचे यंत्र आणत आहे. माल उतरवून शुक्रवारी सकाळी ८ नंतर ते परत जाईल. उतरण्याची वेळ आधीच्या विमानतळावरून निघण्याच्या वेळेवर अवलंबून असल्याने ती दिवसा ठेवता आली नाही. विमानाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आणि वेगळ्या सुराचा असेल. बदल झाल्यास इथेच कळवू.’

वेळापत्रकाबाहेरच्या पुढच्या मालवाहूची परवानगी आपल्या टेबलावर येईल, त्या दिवसापासून हे सुरू करता येईल. सूचनेचा मजकूर लोकांच्या भाषेत तपासून द्यायला आणि आमच्या नोंदी घेऊन आपल्या ध्वनिमापन विभागात बसायला मी तयार आहे. वेळ कळवावी.

आपला विश्वासू,
कुंपणाबाहेरचा एक विमाननिरीक्षक